ती फुस्स कुठून आली? ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा इतिहास आणि एका गाडीचं दुखणं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना शंभर वेळा आलेलं "म्हणजे" बरंचसं काढलंय, सगळं निघालं नाही, चालवून घ्या.

सुरुवात ताम्हिणी घाटातून करतो. गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. मी आणि माझा जुना रूममेट, त्याच्या नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीतून माणगावच्या बाजूला उतरत होतो. दहा-बारा वर्षांची पेट्रोल टर्बो सेडान. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे कळेल की दोष कंपनीचा नव्हताच. एका वळणाआधी त्याने अॅक्सिलरेटर सोडला, बॉनेटखालून तुतुतुतु असा आवाज आला, कबुतर फडफडावं तसा. त्याने क्लच दाबला आणि इंजिन बंद. उतारावर. स्टिअरिंग जड झालं. ब्रेक पहिल्या दोन वेळा लागला, तिसऱ्या वेळी पेडल दगड. (इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो, हे पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी पायाला कळलं.) त्याचं डोकं शाबूत होतं, त्याने गिअरमध्येच क्लच सोडला, चाकांनी इंजिनाला परत फिरवलं आणि गाडी जागी झाली. पुढच्या मोकळ्या जागेत आम्ही थांबलो आणि दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

तोपर्यंत या गाडीवर दोन गॅरेजवाल्यांनी हात साफ केले होते. दोघांचंही निदान एकच: "ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह गेलाय." पहिल्याने त्यातली स्प्रिंग बदलून कडक टाकली. दुसऱ्याने आख्खा व्हॉल्व्ह नवा बसवला, साडेअकरा हजार रुपये. आणि गाडी आधीपेक्षा जास्त आजारी.

माझं बीटेक मेकॅनिकलचं, नोकरी कोडिंगची. आमच्या बॅचच्या निम्म्या पोरांची हीच कुंडली आहे. पण कोडिंगने एक सवय लावली. कुणाचं तरी जुनं कोड हातात आलं आणि त्यात एखादी विचित्र ओळ दिसली, की ती लगेच बदलायची नाही. आधी इतिहास काढायचा. ही ओळ कधी आली, कुठला घोळ मिटवायला आली, आणि तिच्यामुळे पुढे कुठला नवा घोळ झाला. घाटातून परतल्यावर मी या व्हॉल्व्हचा असाच इतिहास काढत बसलो. गाडी त्यातूनच दुरुस्त झाली, म्हणून आजचा भाग.

आधी टर्बो म्हणजे काय ते दोन वाक्यांत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ताकद शिल्लक असते, ती एक छोटं पंख्याचं चाक फिरवते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची. त्याने पेटंट घेतलं १९०५ साली. कागदावरून लोखंडात यायला वीस वर्षं गेली. १९२०च्या दशकाच्या मध्यावर 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याचे टर्बो बसले आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० द्यायला लागलं.

आता लक्ष द्या, सगळी गोष्ट इथे अडकलीय. त्या जहाजांना ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह नव्हता, आणि लागणारही नव्हता. कारण डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर दार नसतं. हवा येईल तेवढी येऊ द्यायची आणि ताकद कमी-जास्त करायची ती फक्त इंधन कमी-जास्त करून. पेट्रोलचं तसं नाही. पेट्रोल नीट जळायला हवा आणि इंधन यांचं प्रमाण ठरलेलं लागतं, वजनाने साधारण १४.७ ला १. म्हणजे ताकद कमी करायची तर हवाच अडवावी लागते. त्यासाठी हवेच्या नळीत एक फिरणारी चकती असते, थ्रॉटल. अॅक्सिलरेटर सोडला की हे दार धाडकन बंद.

म्हणूनच आपल्याकडे ट्रकच्या तोंडावर 'टर्बो' असं ठळक लिहिलेलं असतं, पण त्या ट्रकला ही झडप नसते. "मग ट्रक आणि एसटी फुस्स कशी करते?" असं मला एकाने विचारलं होतं. तो एअरब्रेक, भाऊ. ब्रेकची हवा सुटते. (हल्लीच्या काही डिझेल गाड्यांत हवेच्या वाटेवर चकती असते, पण ती वेगळ्या कामाला, त्यात आज शिरत नाही.)

जहाजानंतर, खरं तर जहाजांच्या आधीच, विमानं. उंचावर हवा विरळ, इंजिन धापा टाकतं. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन ट्रकवर लादून अमेरिकेतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच डोंगरावर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर जेमतेम २३० द्यायचं. टर्बो लावल्यावर ३५६ मिळाली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ही शुद्ध टेस्टिंग आहे. विमान पाडून बघण्यापेक्षा डोंगर चढून बघा. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर, पी-३८, पी-४७ ही विमानं टर्बोवरच उडाली. पण विमानातला वैमानिक तासन्तास एकाच ताकदीवर उडतो. आकाशात सिग्नल नाही, स्पीडब्रेकर नाही, समोर अचानक आडवी येणारी म्हैस नाही. दार सारखं उघड-बंद करायचा प्रश्न तिथे फारसा येत नव्हता.

तो आला टर्बो मोटारीत शिरल्यावर. १९६२ मध्ये अमेरिकेत दोन टर्बो पेट्रोल गाड्या आल्या, शेवरले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबाइल जेटफायर. जेटफायरचं ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन २१५ अश्वशक्तीचं. त्यात आधीच दाब जास्त, वर टर्बोचा दाब, म्हणजे पेट्रोल वेळेआधी भडकणार. यावर कंपनीने तोडगा काढला: डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारायचं. नाव काय, 'टर्बो रॉकेट फ्लुइड'! लोक ती टाकी भरायलाच विसरायचे. टाकी रिकामी झाली की यंत्रणा आपणहून दाब कमी करायची, आणि लोक तक्रार करायचे की गाडीत दम नाही. शेवटी १९६५ मध्ये कंपनीनेच फुकटात टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. एकूण ९६०७ गाड्या बनल्या होत्या.

पण आपल्या विषयाची गोष्ट वेगळीच. या दोन्ही गाड्यांत कार्बुरेटर टर्बोच्या आधी होता. हवा आधी कार्बुरेटरमधून, म्हणजे दारातून, आणि मग टर्बोत. अॅक्सिलरेटर सोडला की दार टर्बोच्या अलीकडेच बंद. फिरणाऱ्या चाकाला हवाच मिळत नाही, तर ती कोंडणार कुठे? इथेही ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची गरज नाही. या रचनेचे तोटे वेगळे: टर्बोतून नुसती हवा नाही तर हवा-पेट्रोलचं मिश्रण जातं, लांबलचक नळ्या पेट्रोलने ओल्या होतात, आणि मध्ये हवा गार करणारा इंटरकूलर लावायचा तर तो पेट्रोलच्या वाफेने भरलेला डबा होतो. कुणाची हिंमत होणार?

मग आलं फ्युएल इंजेक्शन, आणि दाराची जागा बदलली. १९७३ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो ही त्यातली पहिली गाजलेली गाडी. पुढच्या बंपरखाली 'टर्बो' हे उलट्या आरशातल्या अक्षरांत, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याने आरशात वाचावं आणि बाजूला व्हावं. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, आणि हा माज कुणालाच रुचला नाही. १६७२ गाड्यांवर आटोपलं. १९७४ मध्ये पोर्शे ९११ टर्बो आली, १९७७ मध्ये साब ९९ टर्बो. साबची मला सगळ्यात जास्त कदर आहे. बाकीचे शर्यतीचा टर्बो रस्त्यावर आणत होते, साबने छोटा टर्बो घेतला, दाबावर मर्यादा ठेवली आणि सांगितलं की ही रोज ऑफिसला न्यायची गाडी आहे. दोन लिटर, १४५ अश्वशक्ती.

पोर्शे आणि साब दोन्हींत बॉशची के-जेट्रॉनिक ही इंजेक्शनची पद्धत होती. तिच्यात हवेच्या झोतात एक ताटली तरंगत असते. हवा जितकी जास्त तितकी ताटली वर उचलली जाते, आणि त्या मापाने पेट्रोल सुटतं. वाटेचा क्रम असा: आधी ताटली म्हणजे मोजमाप, मग टर्बो, मग दार, मग इंजिन. हा क्रम जरा डोक्यात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

दार आता टर्बोच्या पलीकडे गेलं. अॅक्सिलरेटर सोडला की दार बंद, पण मिनिटाला लाखभर फेऱ्या मारणारं चाक थोडंच लगेच थांबतंय? ते हवा कोंबतच राहतं. पुढे बंद दार, मागून रेटा. क्षणभरात नळीतला दाब इतका वाढतो की चाकाला तो पेलवत नाही आणि हवा पात्यांमधून उलटी मागे येते. दाब उतरला की चाक पुन्हा ढकलतं, पुन्हा उलटी. सेकंदात अनेकदा. तोच तो तुतुतुतु आवाज. याला सर्ज म्हणतात.

ज्यांच्या गावाकडे नदीवरून पाइपलाइन आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पंप चालू असताना वीज गेली की चढावरचं पाणी उलटं येतं आणि खाली झडपेवर आदळतं, धाड! कधी पाइप फुटतो. फुटव्हॉल्व्हला आमच्याकडे सगळे 'फुटबॉल' म्हणतात, आणि त्या फुटबॉलचं आयुष्य एमएसईबीच्या हातात असतं. फरक एवढाच की तिथे पंप थांबतो आणि पाणी उलटतं, इथे पंप चालूच असतो आणि वाट बंद होते.

हवा उलटल्याने दांड्याच्या बेअरिंगवर उलटसुलट धक्के बसतात. शिवाय चाकाचा वेग पडतो, म्हणजे गिअर बदलून पुन्हा दाबलं की टर्बोला नव्याने वेग धरावा लागतो. पोर्शेने १९७८ मध्ये ३.३ लिटरच्या ९११ टर्बोला इंटरकूलर दिला. इंटरकूलर म्हणजे आणखी नळ्या, आणखी जागा, म्हणजे दार बंद झाल्यावर कोंडलेली हवाही जास्त.

उपाय तसा सोपा: दार आणि टर्बोच्या मध्ये एक खिडकी ठेवा, दार बंद होताच ती उघडली पाहिजे. ती उघडायची कधी हे कोण सांगणार? इंजिनच. दार बंद झालं की दारापलीकडे इंजिनाच्या बाजूला व्हॅक्यूम तयार होतो. तिथून एक बारीक रबरी नळी या खिडकीच्या डोक्यावर आणायची. व्हॅक्यूम आला की तो झडपेला वर ओढतो आणि हवा सुटते. उलट, अॅक्सिलरेटर दाबलेला असताना त्याच नळीतून टर्बोचा दाब येतो, तो आणि स्प्रिंग मिळून झडपेला घट्ट बसवून ठेवतात. वर-खाली दोन्हीकडे सारखाच दाब, म्हणून हलकीशी स्प्रिंगही पुरते. एक बारीक नळी, दोन निरोप. ज्याने कुणी हे पहिल्यांदा बसवलं त्याला माझा दंडवत. यात ना सेन्सर, ना वायर, ना एक ओळ कोड.

पुढे ही झडप कारखान्यातूनच बसून यायला लागली. पण एक पेच होता. सोडलेली हवा नेमकी कुठे सोडायची? मघाचा क्रम आठवा. मोजमाप आधी झालंय. ताटलीने, आणि पुढे ताटलीच्या जागी आलेल्या गरम तारेच्या एअरफ्लो सेन्सरने, ती हवा मोजून इंधनाचा हिशेब करून ठेवलाय. ती बाहेर सोडली तर हवा गेली, पेट्रोल मात्र पडलं. म्हणून कंपन्या ती हवा बाहेर न सोडता एका नळीने फिरवून टर्बोच्या आधी, मोजमापाच्या पुढे, परत आणून सोडतात. १९८९च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्येही हीच फिरती रचना होती. जर्मन भाषेत या झडपेचं नाव 'शूब-उम्लुफ्ट-व्हेंटिल', त्यातला उम्लुफ्ट म्हणजे फिरवून परत आणलेली हवा. नावातच सगळं सांगून ठेवलंय. इंग्रज तिला 'डम्प व्हॉल्व्ह' म्हणतात, आणि बघा, नाव बदललं की हेतूही बदलतो. डम्प म्हणजे टाकून द्या.

नावांवरून आणखी एक गोंधळ सांगून पुढे जातो. शर्यतीतला 'पॉप-ऑफ व्हॉल्व्ह' ही वेगळी वस्तू. तिचं काम टर्बोला वाचवणं नाही, स्पर्धकांना आवरणं. ठरलेल्या दाबाच्या वर गेलात की ती उघडते आणि तुमची मेहनत हवेत. फॉर्म्युला वनमध्ये १९८७ साली ही मर्यादा ४ बार होती, १९८८ ला २.५, आणि १९८९ ला टर्बोवरच बंदी आली. १९८८ला दाब इतका कापूनही टर्बोवाल्या मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, हे वेगळंच. इंडियानापोलिसला १९९४ मध्ये तर गंमत झाली. नियमात जुन्या पद्धतीच्या, पुशरॉड इंजिनांना ५५ इंच पाऱ्याचा दाब चालायचा, बाकीच्यांना ४५. पेन्स्के संघाने इल्मॉरकडून गुपचूप एक नवंकोरं पुशरॉड इंजिन बनवून घेतलं, त्यावर मर्सिडीजचं नाव लागलं, आणि अल अन्सर ज्युनिअरने शर्यत मारली. नियमाची पळवाट वाचून त्यावर इंजिन बनवणं! असे लोक आमच्या टेस्टिंग टीममध्ये पाहिजेत.

तर आवाज. फिरती रचना जवळजवळ गप्प असते. पण जपानमधल्या एचकेएस, ग्रेडी यांच्यासारख्या कंपन्यांनी हवा बाहेर सोडणारे चकचकीत अॅल्युमिनिअमचे व्हॉल्व्ह विकायला काढले, आणि ती फुस्स ही एक फॅशन झाली. २००१ला 'द फास्ट अँड द फ्युरियस' आला आणि ती फॅशन जगभर गेली. माझ्या पिढीने तर गाडी चालवायच्या आधी हा आवाज ऐकला, सायबर कॅफेत 'नीड फॉर स्पीड' खेळताना. आपल्याला वाटायचं हा ताकदीचा आवाज आहे. प्रत्यक्षात हा पाय काढल्याचा आवाज आहे.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध तसा उशिराचा पण खरा आहे. औरंगाबादजवळ, आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना. त्यांच्या ऑक्टेव्हियाची आरएस आवृत्ती २००४ मध्ये भारतात आली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. पेट्रोल गाडीला टर्बो असतो हे आपल्याकडच्या अनेकांना या गाडीने शिकवलं. फोक्सवॅगन गटाच्या या १.८ इंजिनाची झडप प्लास्टिकची, आत रबरी पडदा, आणि तो पडदा वयानुसार फाटतो ही जगभरच्या मालकांची ओळखीची तक्रार. बॉशच्या ज्या सुधारित झडपेच्या नंबराच्या शेवटी ७१०एन होतं, तो नंबर लोकांना पाठ असायचा. पुढे झडप थेट टर्बोच्या अंगावर बसली आणि व्हॅक्यूमऐवजी विजेवर उघडायला लागली. २०२२ पर्यंत विकली गेलेली चाकणची पोलो जीटी टीएसआय असो की रांजणगावची पेट्रोल नेक्सॉन, टर्बो पेट्रोल ही आज मिरवायची गोष्ट राहिलेली नाही.

आता परत आमच्या गाडीकडे.

एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, कारण टर्बोच्या आसपास हात भाजला तर आठवडा जातो. पहिलीच गोष्ट दिसली ती म्हणजे झडप बाहेर हवा सोडणारी होती. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेली, आणि दुसऱ्या गॅरेजवाल्याने नवीन बसवताना त्याच जातीची बसवली. टर्बोच्या आधीच्या नळीवर परतीच्या हवेसाठी असलेल्या तोंडाला रबरी टोपण लावलं होतं. गाडीला एअरफ्लो सेन्सर होता. म्हणजे मोजलेली हवा बाहेर जात होती. पाय काढला, हवा गेली, पेट्रोल पडलं, मिश्रण गच्च झालं, इंजिनाला उचकी. हे एक कारण झालं.

पण अशा झडपेच्या कितीतरी गाड्या नुसती उचकी देऊन सावरतात, घाटात मरत नाहीत. म्हणून स्कॅनर लावला. इंजिन आयडलवर असताना लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १६ टक्के, २५०० आरपीएमला मात्र अधिक ३. ज्यांनी हे आकडे पाहिलेत त्यांच्या लक्षात आलंच असेल. आयडलवर, म्हणजे व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असताना, कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय, आणि ती भरून काढायला कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय. वेग वाढला की त्या चोरट्या हवेचा वाटा नगण्य होतो, आकडा खाली येतो.

मग व्हॅक्यूमचा हातपंप आणला. व्हॉल्व्ह काढून टेबलवर घेतला, पंपाने २० इंचांपर्यंत ओढला आणि चहा प्यायलो. चहा संपेपर्यंत काटा हलला नाही. व्हॉल्व्ह ठणठणीत! साडेअकरा हजारांचा निर्दोष आरोपी. मग तोच पंप व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या बारीक नळीला लावला, दुसरं टोक बोटाने बंद करून. काटा वर जायलाच तयार नाही.

आधीच्या मालकाने बूस्टचा मीटर बसवताना ती नळी कापून मध्ये टी-जोड घातला होता. मीटर नंतर काढला, जोड राहिला. त्या जोडावर क्लॅम्पखाली रबर कडक होऊन चिरलं होतं. वरून काही दिसत नव्हतं, क्लॅम्प सरकवल्यावर दिसलं.

आता मघाचे 'एक नळी, दोन निरोप' आठवा आणि सगळा इतिहास उलट वाचा. नळी चिरली, म्हणून दाबाचा निरोप अर्धवट पोचला, झडप नीट मिटेना, टर्बोची हवा चढावर गळायला लागली. गाडीत दम नाही, ही पहिली तक्रार. गॅरेजवाल्याने पाहिलं, झडप गळतेय. तेही खरंच होतं. त्याने कडक स्प्रिंग टाकली. गळती थांबली, दम परत आला, पैसे घेतले, सगळे खूश. पण चिरलेल्या नळीतून व्हॅक्यूमचा निरोपही अर्धवटच येत होता, आणि आता उघडायची होती कडक स्प्रिंग. झडप वेळेवर उघडेना. सर्ज सुरू, तुतुतुतु. उलटी हवा मागे थेट सेन्सरच्या तारेपर्यंत. तार गार झाली एवढंच त्या जुन्या सेन्सरला कळतं, हवा आली की गेली हे कळत नाही. त्याने तीच हवा पुन्हा मोजली, पेट्रोल आणखी वाढलं. आयडलला कॉम्प्युटर आधीच १६ टक्के जास्त देतोय. त्यात नेमका क्लच दाबला. ताम्हिणी.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने आवाज ऐकला आणि कडक स्प्रिंगचाच नवा व्हॉल्व्ह विकला. मला त्या दोघांचा फार राग येत नाही, खरं सांगतो. दोघांनीही समोर दिसणारी चूक दुरुस्त केली. मीही ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी हेच करतो. पण माझा शुक्रवारचा घोळ कुणाला घाटात गाठत नाही, हा फरक आहे. म्हणून तुमच्या गाडीबाबत कुणी "व्हॉल्व्ह गेलाय" म्हणालं, तर पैसे काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: व्हॅक्यूमची नळी पंप लावून तपासली का, आणि ट्रिमचे आकडे किती आहेत. समोरचा चिडला तर गाडी घेऊन निघा.

आम्ही चार मिलिमीटरची सिलिकॉनची नळी एक मीटर आणली, एका तुकड्यात, मध्ये जोड नाही. कंपनीची मूळ फिरती झडप डिकीत स्टेपनीच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत सापडली. आधीच्या मालकाने निदान ती फेकली नव्हती. पंपावर तपासली, पडदा शाबूत. परतीच्या तोंडाचं टोपण काढून ती बसवली. आठवडाभराने आयडलचा ट्रिम अधिक २ वर आला होता.

मग पुन्हा ताम्हिणी, मुद्दाम तेच वळण. मित्राने पाय काढला, क्लच दाबला, काटा ८०० वर येऊन गप्प बसला. आवाज काहीच नाही. तीन-चार वळणं झाल्यावर तो म्हणाला, "बरं झालं रे सगळं, पण थोडीशी फुस्स ठेवता नसती आली का?" साडेअकरा हजारांचा व्हॉल्व्ह अजून त्याच्या टीव्हीशेजारी ठेवलाय. कुणाला हवा असेल तर सांगा, चालू स्थितीत आहे.